कुंकू लागलेलं कार्ड

बेळगाव

बेळगावला लोक कुंदा आणायला जातात. मी एक कार्ड वाचायला गेले, आणि ते वाचायचं यंत्र घरून निघतानाच चुकीचं घेतलं होतं. गेल्या कार्तिकातली गोष्ट. परतल्यापासून भेटेल तो विचारतो, तिकडे बघण्यासारखं काय आहे? तोंडी सांगायला गेले की मधेच अडते, म्हणून लिहून टाकते.

विजया माझी कोल्हापूरच्या होस्टेलमधली मैत्रीण. मूळची निपाणीची, आता बेळगावात वकिली करते. तिचा धाकटा भाऊ प्रमोद चिकोडीच्या कॉलेजात गणित शिकवायचा. श्रावणात तो घाटातल्या कणकुंबीला धुक्याचे फोटो काढायला गेला आणि तिथल्या कड्यावरून पडून वारला. कॅमेरा मात्र ट्रायपॉडवर तसाच उभा सापडला. आत पाणी जाऊन तो कायमचा बंद पडला होता. पोलिसांनी तो कार्डासकट घरी दिला, आणि ते कार्ड काही केल्या उघडत नव्हतं. मी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि सुट्टीत पक्ष्यांमागे रानोमाळ हिंडते. घरात डबाभर मेमरी कार्डं आहेत, एवढ्या पुण्याईवर विजयाने मला बोलावून घेतलं.

"आक्काला एकच गोष्ट पायजे गं, मंगल," ती फोनवर म्हणाली होती. "तो एकटा होता का न्हाय."

आक्का म्हणजे विजयाची आई. घरात, गल्लीत सगळेच तिला आक्का म्हणतात. प्रमोदबरोबर त्या दिवशी शिवानंद नावाचा मित्र होता, त्याच कॉलेजात कन्नड शिकवणारा. तो सांगत होता की मी चहा आणायला टपरीवर गेलो होतो, परत आलो तर प्रमोद नव्हता. पोलिसांना ते पटलं, आक्काला नाही. उभा असलेला शहाणासुरता माणूस आपला आपण कड्यावरून कसा जाईल, कुणीतरी जवळ होतंच, असं तिचं म्हणणं. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्या शिवानंदला तिने सगळ्यांदेखत दारातून परत पाठवलं. तेव्हापासून कॉलेजातसुद्धा लोक त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवू लागले होते. त्या टपाल तिकिटाएवढ्या कार्डावर एका जिवंत माणसाची अब्रू अडकली होती, आणि मी माझ्या जाड कार्डांचा रीडर पिशवीत घालून आले होते. प्रमोदचं कार्ड त्यात शिरलंच नसतं. स्टेशनवर विजया हे ऐकून हसली. भावाच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच हसले, असं तीच म्हणाली.

म्हणून आधी खडे बाजार. नाशिकला दुकानदार तुमच्याशी एका भाषेत बोलतो आणि भांडतोही त्याच भाषेत. इथला दुकानदार विजयाशी मराठीत, पोऱ्याशी कन्नडमध्ये आणि फोनवर हिंदीत बोलत होता, तेही एकाच श्वासात. त्याने मला आठ कप्प्यांचा रीडर दाखवला.

"हे घेऊन जावा मॅडम. सगळं बसतंय त्यात."

"दोन घरचा पाहुणा उपाशी, आणि हा तर आठ घरचा," मी म्हटलं. "एकाच कप्प्याचा दाखवा. हातात जरा वजन लागेल असा."

रीडर घेताना मी कप्पे मोजत नाही, तोंड बघते. कार्ड आत जाताना सरळ जायला हवं आणि टेकल्याचं बोटाला कळायला हवं. ढिलं तोंड असलं की कार्ड मधेच सुटतं, आणि फोटो निघत असताना सुटलं तर असलेलंही जातं. कार्डाचंही तसंच. निम्म्या किमतीत चौपट जागा देणारं कार्ड हे बहुधा खोटं असतं. ते आकडा मोठा दाखवतं, आणि भरत आलं की गुपचूप जुन्यावर नवं लिहू लागतं. त्याने तसलं एक पुढे केलंच होतं, ते मी परत सरकवलं. एका कप्प्याचे दोन वेगवेगळे रीडर घेतले, कारण एकावर माझा विश्वास बसत नाही.

बिल करता करता त्याने विचारलं, "फोटो कुठले हैत?"

"कणकुंबीचे," विजया म्हणाली. "धुक्यातले."

त्याचा हात थांबला. मी तिथल्या तिथे लॅपटॉप काढून रीडर तपासावा, असं तोच मघाशी म्हणाला होता. आता त्याने दोन्ही डब्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या.

"घरात बघा मॅडम," तो म्हणाला. "तिथल्या धुक्यातलं दुकानात नको लावायला."

मी चिडले. शिकलेसवरलेले लोक आणि असं बोलतात, असं रस्ताभर विजयाला ऐकवलं. रात्री तिने कुंदा वाढला, खमंग, खवा तांबूस होईपर्यंत आटवलेला. मी दोनदा मागून खाल्ला आणि तरी मला तो दुकानदार आठवत राहिला.

निपाणी

निपाणी नाकाला आधी कळते. हायवे सोडून गाडी आत वळली की तंबाखूचा वास येतो, गोडसर आणि घशाला खवखवणारा. आक्काचं निम्मं आयुष्य तंबाखूच्या वखारीत पाला चाळण्यात गेलं. त्यावर तिने एक वकील केली आणि एक प्राध्यापक. आता घर पक्कं आहे, समोरच्या कोनाड्यात बुद्धाची मूर्ती आहे आणि शेजारी प्रमोदचा फोटो. आक्का शरीराने काटकुळी, पण बघते अशी की आपण खोटं बोलत नसलो तरी अडखळावं.

"जयभीम. ये गं मंगल, जेव आदी," ती म्हणाली. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं पातळ माडगं आणि शेंगांची चटणी. आमच्याकडे पाहुण्याला पोळी केली नाही तर कमीपणा वाटतो, इथे भाकरी नसती तर पाहुण्याचा अपमान झाला असता. जेवण होईपर्यंत कार्डाचं नाव कुणी काढलं नाही.

मग तिने ते आणलं. छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. मी पहिला रीडर लॅपटॉपला जोडला, कार्ड सरकवलं. पडद्यावर एक चौकट आली. या डिस्कवर काही वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. अशा वेळी चुकून बोट लागेल या भीतीने मी माउस लांब ढकलला. कार्ड काढलं, त्याच्या कडेची लिहिणं बंद करायची बारकी खिट्टी खाली सरकवली, दुसऱ्या रीडरमध्ये घातलं. डिस्क दिसली, गेली, पुन्हा दिसली, पुन्हा गेली. लॅपटॉप दर वेळी टुंग असा आवाज करत होता. चार-पाचदा झालं आणि मला वाटलं, पलीकडून कुणीतरी कडी वाजवून बघतंय.

"प्रमोदलाच दाखवायचं न्हाय, असं म्हणतात गल्लीतली," विजया हळूच म्हणाली.

"गप गं," आक्का म्हणाली. "मेलेलं माणूस काय करतंय? जित्याचंच काम हाय ह्ये."

मी कार्ड उलटं करून खिडकीपाशी नेलं. मागच्या बाजूला सोनेरी पट्ट्या असतात, रीडर त्यांनाच टेकून वाचतो. त्या पट्ट्यांच्या मधल्या बारीक खाचांत लाल काहीतरी भरलं होतं. मला रक्तच वाटलं. नखाने खरवडलं तर भुकटी निघाली, आणि लालच्या खाली पिवळं.

"हे कुंकू आहे," मी म्हटलं. "हळद आणि कुंकू."

"आमच्या घरात कुंकू येत न्हाय," आक्का म्हणाली.

मग विजयाने सांगितलं की कार्ड उघडायला आधी कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्या बाबूअण्णांकडे दिलं होतं. आम्ही तिघी तशाच तिकडे गेलो. बाबूअण्णा साठीचे, लग्नाचे अल्बम करणारे, बोलायला मऊ. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. कार्ड आलं तेव्हा पितृपक्ष लागला होता. गेलेल्या माणसाच्या हातचं, ते या पंधरवड्यात उघडायचं नाही, म्हणून त्यांनी ठेवून दिलं. मग घट बसले. मग खंडेनवमी आली. त्या दिवशी दुकानातली सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडली, कॅमेरे, फ्लॅश, कात्री, झाडून सगळी कार्डं, आणि ओल्या हळदीकुंकवाचं बोट प्रत्येकाला लावलं.

"प्रमोदचं कार्ड दुसऱ्याचं म्हणून बाजूला ठिवलं आसतं, तर त्येचाच अपमान झाला आसता न्हवं?" ते आक्काला म्हणाले. "पोटच्या पोरावानी लावलं ओ आक्का. मंग उघडंना झालं आनी माझीच भीतीनं गाळण उडाली. म्हटलं, आपलं कायतरी चुकलं."

आमच्याकडे दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतात. मेमरी कार्डाला टिळा लावल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. आक्का रागावेल असं मला वाटलं. ती त्यांना एवढंच म्हणाली, "पुसता येतंय न्हवं? मंग झालं."

मेडिकलमधून स्पिरिट आणलं, शेजारच्या मुलीच्या दप्तरातून खोडरबर घेतलं. पट्ट्या एकाच दिशेने, हलक्या हाताने घासल्या. दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून खाचा पुसल्या, वाळू दिल्या. या वेळी कार्ड टेकलं ते बोटाला कळलं. टुंग असा एकच आवाज आला आणि थांबला.

कार्डावरून थेट काही बघायचं नाही, आधी सगळं उतरवून घ्यायचं, हा माझा नियम. दोन ठिकाणी उतरवेपर्यंत मी कुणाला पडद्याकडे फिरकू दिलं नाही. आक्का भिंतीला टेकून बसली होती. दुपारचं ऊन पडद्यावर येत होतं म्हणून विजयाने खिडकी लावली.

सुरुवातीला कॉलेजचं गॅदरिंग होतं. मग आक्का दारात बसून लसूण सोलताना, फोटो नको म्हणून हात आडवा धरलेली. मग पांढरं. नुसतं पांढरं, त्यात एक जांभळीचं झाड आणि एक मोठा दगड. पुढचा फोटो तोच. त्याच्या पुढचा तोच. प्रमोदने कॅमेऱ्याला थोड्या थोड्या वेळाने आपोआप फोटो काढायला लावलं होतं. पुढे ते सगळे जोडून धुकं कसं चालतं याची फिल्म करायची असणार. मी बाण दाबत राहिले आणि धुकं खरंच चालू लागलं.

मग तो आला. निळा रेनकोट, पाठमोरा. दगडापाशी जाऊन उभा राहिला. बऱ्याच फोटोंत तसाच. एका फोटोत त्याने मान वर केली होती. पुढच्या काहींत पुन्हा पहिल्यासारखा. मग एकदम हात वर केलेला, आलो आलो म्हणताना करतात तसा. त्याच्या समोर कुणीही नव्हतं. समोर पांढरं होतं आणि तो त्या पांढऱ्याला हात करत होता. पुढच्या फोटोत तो दगडाच्या पलीकडे, कमरेपर्यंत धुक्यात. त्याच्या पुढच्या फोटोत झाड आणि दगड.

आक्का भिंतीपासून उठून पडद्यापाशी आली.

"मागं घे," आक्का म्हणाली.

मी उलटा बाण दाबला. प्रमोद धुक्यातून पाठीमागे चालत बाहेर आला, हात वर, हात खाली, दगडापाशी उभा. पुढे नेलं, गेला. "मागं घे." आला. तिने असं कितीदा करायला लावलं कोण जाणे. दर वेळी तो येत होता, आणि दर वेळी मला वाटत होतं की या खेपेला तो वळून आमच्याकडे बघेल. मला त्या बटणाची भीती वाटू लागली. शेवटी विजयानेच माझा हात धरला.

पुढे रिकामे फोटो होते, खूप. मग चौकटीच्या उजव्या कडेने, पायवाटेवरून, शिवानंद आला. दोन हातांत चहाचे दोन ग्लास. पुढच्या फोटोत तो झाडापाशी, तोंड उघडं. मग दगडापाशी, एकच ग्लास हातात. मग ग्लास नाहीत, तो गुडघ्यावर, कड्याकडे वाकलेला. मग पुन्हा झाडापाशी. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. शेवटच्या फोटोंत काचेवर पाण्याचे थेंब पडलेले, आणि कार्ड भरलं तिथे सगळं संपलं.

"तो नव्हता," विजया म्हणाली. "आक्का, शिवानंद नव्हता तिथं."

आक्काने पदराने तोंड पुसलं. "नव्हता," ती म्हणाली. "लई वंगाळ बोलले मी त्या पोराला." मग पडद्याकडे बोट करून म्हणाली, "पर ह्येनं हात कुणाला केला?"

तिनेच विजयाला फोन लावायला सांगितला आणि स्वतः बोलली. "शिवा, मी आक्का. उद्या कणकुंबीला जातोय आमी. तू बी ये. चूक माजी झालीया." पलीकडून एकच शब्द आला, "येतो."

कणकुंबी

शिवानंद पहाटेच्या गाडीने चिकोडीहून निपाणीला आला आणि आमच्या गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. फोटोतला माणूस वाळून अर्धा झाला होता. आक्काने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो वळला नाही. बेळगाव मागे टाकून जांबोटीच्या रस्त्याला लागलो तरी तो खिडकीबाहेरच बघत होता. माफ केल्यावर माणूस मोकळा व्हायला हवा, हा असा का बसलाय, हे मला उमगत नव्हतं.

जांबोटीनंतर झाडी दाट होत गेली आणि रस्ता ओला. कणकुंबीच्या अलीकडेच धुकं खाली आलं. नाशिकचं धुकं मी पाहिलंय, ते द्राक्षबागांवर थोडा वेळ बसतं आणि उठून जातं. इथलं उठणारं नव्हतं. ड्रायव्हरने दिवे लावले, पण त्यांच्या उजेडात रस्त्याऐवजी धुकंच दिसू लागलं. गाव ओलांडून टपरी लागली. तिथून पायवाट निघते, एका घळीला लांब वळसा घालून पलीकडच्या खडकाळ सड्यावर जाते. आक्का आणि शिवानंद टपरीच्या बाकावर बसले, मी आणि विजया वर गेलो.

जांभूळ तिथे होती, दगडही होता. ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा असतील म्हणून मी उगीच शोधल्या. दगडाच्या पलीकडे गवत होतं आणि मग काहीच नव्हतं. मी दगडाला धरून उभी राहिले, तेवढ्यात कुणीतरी माझ्या कानाशी म्हणालं, "साखर कमी घालू काय?"

मी ओरडलेच. विजयाने माझा दंड धरला. आजूबाजूला कुणी नव्हतं. मग ग्लास विसळल्याचा आवाज आला, आणि लक्षात आलं. टपरी समोरच होती, घळीच्या पलीकडे, थोडी खाली. पायवाट वळसा घेऊन येते म्हणून ती लांब वाटते. आवाज मात्र घळीवरून सरळ येत होता, आणि धुक्यात तो पुढे चार पावलांवर असल्यासारखा लागत होता. माझा एक पाय त्या दिशेने उचलला गेला होता. मी तो परत मागे घेतला आणि तिथेच खाली बसले.

खाली आलो तेव्हा मी टपरीवालीला बोलले, जरा रागानेच, की तुमचं बोलणं वर कड्यावर माणूस शेजारी असल्यासारखं ऐकू येतं. ती मध्यमवयीन बाई, चुलीसमोरून न उठता म्हणाली, "येतंय की. म्हणून तर हितं धुक्यात कुणी एक हाक मारत न्हाय, बाई. एका-दोन हाकंला माणूस जात न्हाय. रानातलं कायबाय बी हाक मारतं म्हणत्यात, पर ते दोनदाच मारतं. तिसरी आली की वळखायचं, माणूस हाय. मंग जायचं."

चहा गाळता गाळता तिने शिवानंदकडे बघितलं. "ह्या सायबांस्नी ठावं नव्हतं. त्या दिशी एकदा मारून गप बसलं. मीच म्हटलं, तीनदा मारा, न्हायतर तुमचा दोस्त यायचा न्हाय."

शिवानंदने ग्लास बाकावर ठेवला. विजया काही विचारणार होती, आक्काने तिला डोळ्यांनी थांबवलं.

"मी हाक मारलो, अव्वा," तो आक्काला म्हणाला; अव्वा म्हणजे कन्नडमध्ये आई. "कुणाला बोललो नाही. कुणी विचारलंच नाही. पहिल्यांदा मारलो, तो आला नाही. मग या बाई म्हटल्या तसं अजून दोनदा मारलो. मग ग्लास घेऊन वाटेनं वर गेलो. तो वाटेनं आलाच नव्हता, अव्वा. सरळ आवाजाकडं आला."

मला पडद्यावरची ती वर झालेली मान आठवली, आणि मग तो हात. टपरीवाली फडकं तोंडाशी धरून बसली होती, तिलाही आता उमगलं होतं.

आक्काने विचारलं, "काय म्हणून हाक मारलीस?"

"प्रमोद, ये रं, चहा निवतोय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आत्ता ती उठेल आणि या मुलाला पुन्हा एकदा दारातून घालवून देईल, अशी मला भीती वाटली. तिने हात पुढे करून त्याचा हात धरला.

"मंग बरं झालं," आक्का म्हणाली. "मला वाटलं, कुण्या परक्यानं न्हेला. त्यो वळखीच्या हाकंला गेला."

शिवानंद मोठ्याने रडू लागला. तिने त्याला रडू दिलं, हात सोडला नाही. मग त्याचाच आधार घेऊन ती उठली आणि घळीच्या कठड्यापर्यंत गेली. पलीकडे जांभूळ दिसत नव्हती, दगड दिसत नव्हता, सगळं पांढरं होतं.

"प्रमोद," तिने हाक मारली. आवाज घळीवरून गेला. ती थांबली, मान थोडी तिरकी करून ऐकत राहिली. मग पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्याने, "प्रमोद, ये रं."

आम्ही सगळे तिच्या मागे उभे होतो. टपरीवालीही चुलीपासून उठून आली होती. आक्काने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, धुक्याकडे बघितलं, आणि मिटलं.

"चला," ती म्हणाली, आणि गाडीकडे चालू लागली.